हॉट कोअरवर पीएन नाही, पीओ नाही, दोन्ही बाजूलाच: माझी आकडेमोड चुकतेय की रसायनच तसं आहे?

चकोर_२१:

सारथी तारकासमूहातल्या एएफजीएल ५१४२ (अंतर सुमारे २.१४ किलोपार्सेक) या तारकानिर्मितीच्या प्रदेशाचे आल्मा या चिलीतल्या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाचे ३ मिलिमीटर बँडचे सार्वजनिक क्यूब (नकाशातल्या प्रत्येक पिक्सेलला वर्णपट असलेला डेटा) तपासतो आहे. फॉस्फरसचे दोन रेणू शोधायचे आहेत, पीएन (फॉस्फरस नायट्राइड) आणि पीओ (फॉस्फरस मोनॉक्साइड). अडचणी तीन:

१. मेथॅनॉल हॉट कोअरवर (नव्या ताऱ्याभोवतीच्या गरम, दाट गाभ्यावर) ठणठणीत दिसतं, पण पीएनची जे = २–१ रेषा (९३.९७९८ गिगाहर्ट्झ) तिथे जवळजवळ नाहीच. ती दिसते बाजूच्या काही ठिपक्यांवर. फॉस्फरस धूलिकणांवरच्या बर्फात फॉस्फीन (पीएच३) म्हणून साठतो असं वाचलं आहे. तसं असेल तर १०० केल्विनच्या वर बर्फ उडून गेल्यावर गाभ्यातच फॉस्फरसची रेलचेल हवी ना?

२. पीओच्या १०९ गिगाहर्ट्झजवळ चार रेषा अपेक्षित आहेत. मला दोन बऱ्यापैकी दिसतात, उरलेल्या दोन गोंगाटात हरवल्यात. एवढ्यावर 'पीओ सापडलं' म्हणता येतं का?

३. पीओ/पीएन गुणोत्तर काढायचं आहे, पण दोघांचीही एकेकच ऊर्जापातळी हाताशी आहे. तापमान गृहीत धरावं लागेल. त्याने उत्तर किती हलेल?

---

रेषावाचक:

दुसऱ्या प्रश्नापासून धरतो, कारण ओळख पक्की नसेल तर पहिल्याला अर्थ नाही.

पीओ हा एक विजोड इलेक्ट्रॉन असलेला मूलक आहे. त्याची प्रत्येक रोटेशनल रेषा लॅम्डा-डब्लिंगमुळे दुभंगते आणि फॉस्फरसच्या १/२ न्यूक्लिअर स्पिनमुळे पुन्हा फुटते. जे = ५/२–३/२ साठी चार मुख्य रेषा मिळतात:

१०८.९९८४ (एफ = ३–२), १०९.०४५४ (एफ = २–१), १०९.२०६२ (एफ = ३–२), १०९.२८१२ (एफ = २–१) गिगाहर्ट्झ.

रेषा पातळ (ऑप्टिकली थिन, म्हणजे वायू स्वतःचाच प्रकाश अडवत नाही अशा) असतील तर ३–२ आणि २–१ यांच्या तीव्रतेचं प्रमाण १४:९ यायलाच हवं, म्हणजे १.५६ पट. पहिली आणि तिसरी सारखी, दुसरी आणि चौथी सारखी. तुमच्या ज्या दोन दिसतात त्या १०८.९९८ आणि १०९.२०६ असतील तर गोष्ट पटण्यासारखी आहे. १०९.०४५ ठळक आणि १०८.९९८ गायब असं असेल तर ते पीओ नव्हे, दुसरंच काही आहे.

चारही रेषा वेगाच्या मोजपट्टीवर आणून एकमेकींवर रचा. वजनं १४, ९, १४, ९ द्या. सिग्नल-टू-नॉइज एकट्या ठळक रेषेच्या १.६८ पट होतो. म्हणजे एका रेषेत ३ सिग्मा दिसत असेल तर रचून ५ सिग्मा. पण रचण्याआधी चारही जागी शेजारी कोण आहे ते तपासा. १०९.१७३६ वर एचसी३एनची (सायनोअ‍ॅसिटिलीन) १२–११ रेषा आहे, १०९.२५२ वर सल्फर मोनॉक्साइडची. पहिली १०९.२०६ पासून ८९ किमी/से दूर, दुसरी १०९.२८१ पासून ८० किमी/से. साध्या गाभ्यात हे अंतर पुरतं. आउटफ्लोचे (नव्या ताऱ्याकडून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचे) लांब पंख रेषेला असले की सल्फर मोनॉक्साइडचा पंख पीओच्या बेसलाइनखाली शिरतो आणि चौथी रेषा उगाच फुगते. अशा वेळी ती रचनेतून सरळ वगळा.

आता क्यूबमधल्या नेहमीच्या खोड्या:

अर्काइव्हमधल्या क्यूबच्या हेडरमध्ये रेस्ट फ्रिक्वेन्सी बहुधा त्या विंडोसाठी लिहिलेल्या दुसऱ्याच रेषेची असते. कार्टा किंवा कासा या सॉफ्टवेअरमध्ये ती स्वतः बदला. ९४ गिगाहर्ट्झला १ मेगाहर्ट्झची गफलत म्हणजे ३.२ किमी/से, आणि पीएनच्या रेषा अरुंद असतात. एवढ्यात रेषा भलत्या वेगावर जाते.

हॉट कोअरवर रेषांचं जंगल असतं. रेषा नसलेले चॅनल सापडत नाहीत, त्यामुळे कंटिन्युअमची (रेषांखालच्या सलग प्रकाशाची) वजाबाकी जास्त होते आणि कमजोर रेषा खड्ड्यात जाते. तुमचं 'गाभ्यात पीएन नाही' हे अशा खड्ड्यामुळे तर नाही ना, हे आधी बघा. वजाबाकी न केलेल्या क्यूबमधून त्या पिक्सेलचा वर्णपट काढा आणि बेसलाइन हाताने बसवा.

पीएन ९४ ला, पीओ १०९ ला. सारख्याच अँटेनांमधून बीमचं (दुर्बिणीला एका वेळी दिसणाऱ्या ठिपक्याचं) क्षेत्रफळ ३५ टक्क्यांनी वेगळं निघतं. दोन्ही क्यूब एकाच बीमवर स्मूद केल्याशिवाय गुणोत्तर काढू नका.

---

खडू_फळा:

पहिल्या प्रश्नाबद्दल. आकडेमोड तपासाच, पण निरीक्षण बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. याच प्रदेशाचा आल्मा नकाशा २०२० मध्ये रिविल्ला आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यात पीएन आणि पीओ मध्यावर नाहीत. ते आहेत द्विध्रुवी आउटफ्लोने कोरलेल्या पोकळीच्या भिंतींवर, ठिपक्याठिपक्यांत, कमी वेगाच्या आणि अरुंद रेषांच्या वायूत. बहुतेक ठिपक्यांत पीओ जास्त, आणि नव्या ताऱ्यापासून लांब जावं तसं पीओ/पीएन वाढत जातं.

यातून काय निघतं ते टप्प्याटप्प्याने बघू.

फॉस्फरस आधीच दुर्मिळ. सूर्याच्या प्रमाणात सुमारे ३९ लाख हायड्रोजन अणूंमागे एक. विरळ मेघांत तो बराचसा वायुरूपात असतो. त्याची आयनीकरण ऊर्जा १०.४९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे हायड्रोजनच्या १३.६ पेक्षा कमी, म्हणून तिथे तो पी+ रूपात अतिनील शोषणरेषांमध्ये दिसतो. मेघ दाट झाला की तो वायूतून गायब होतो आणि धूलिकणांवर जाऊन बसतो. तिथे हायड्रोजन अणू एकेक करून जोडले जाऊन फॉस्फीन होतो, ही मॉडेलमधली सोपी वाट. तुमचा प्रश्न याच मॉडेलवर उभा आहे.

फॉस्फीन खरंच मुख्य साठा असता तर नुसत्या उष्णतेने उडून गाभ्यात पीएन, पीओ बनायला हवे होते. तसं दिसत नाही. दिसतं ते शॉकच्या (वेगवान वायूच्या धडकेच्या) जागी, जिथे कणांवर आदळून आदळून पदार्थ उखडला जातो. म्हणजे फॉस्फरसचा मोठा वाटा मेथॅनॉल किंवा पाण्याइतका सहज उडणाऱ्या रूपात नसावा, हे म्हणणं वजनदार ठरतं. मात्र एसआयओसारखा (सिलिकॉन मोनॉक्साइडसारखा) तो कणांच्या अगदी कणखर गाभ्यातही नसावा. एसआयओ वेगवान जेटमध्ये लांब पंखांसह दिसतो, तर पीएन कमी वेगाच्या शॉकवर भागवतो. साठा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

वायूत आल्यावरची साखळी:

पी + ओएच → पीओ + एच
पीओ + एन → पीएन + ओ
एन + पीएच → पीएन + एच

पहिल्या पायरीला मोकळा पी अणू लागतो. फॉस्फीन किंवा तत्सम काही उखडून आलं तरी ते आधी फोडावं लागतं, आणि ते काम नव्या ताऱ्याचे अतिनील किरण पोकळीच्या भिंतीवर करतात. म्हणून भिंत. आत दाट धुळीत अतिनील पोहोचत नाही, आणि पोकळीच्या पार आत वायूच नाही. ओएचसुद्धा अतिनीलाने पाणी फुटल्यावर भरपूर मिळतो. दुसरी प्रतिक्रिया पीओ खाऊन पीएन बनवते, तिला मोकळा नायट्रोजन अणू लागतो. पीओ/पीएन गुणोत्तर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर बदलतं त्यामागे ही ओढाताण आहे.

फॉस्फीन तिथे शोधायचा मोह होईल. जे = १–० रेषा २६६.९४४५ गिगाहर्ट्झला आहे. शुक्रावर २०२० मध्ये जिच्यावरून वाद पेटला तीच ही. अडचणी दोन. फॉस्फीनचा डायपोल मोमेंट ०.५७ डिबाय, पीएनचा २.७५, आणि रेषेची ताकद वर्गात मोजली जाते: २३ पट फरक. शिवाय सल्फर डायऑक्साइडची एक उच्च ऊर्जेची रेषा २६६.९४३३ वर, म्हणजे फक्त १.३ किमी/से अंतरावर आहे. हॉट कोअरमध्ये सल्फर डायऑक्साइड गरम असतो, तिथे या दोघांना वेगळं काढणं कर्मकठीण. थंड शॉकमध्ये ती अडचण नाही, पण एल११५७-बी१ या गाजलेल्या शॉकमध्येही फॉस्फीन सापडला नाही, वरची मर्यादा हायड्रोजनच्या एक अब्जांश. फॉस्फीन पक्का सापडला तो आयआरसी+१०२१६ या म्हाताऱ्या कार्बन ताऱ्याच्या कवचात, तारे जन्मतात त्या मेघांत नव्हे.

---

पहाटपाळी:

मधेच घुसतो, माफी असावी. हे सगळं आपल्या खोडदच्या जीएमआरटीवर करता येणार नाही का? ४५ मीटरच्या ३० डिश, अजून काय हवं?

---

रेषावाचक:

@पहाटपाळी, नाही. पीएनची सर्वांत खालची रेषा, जे = १–०, ४६.९९ गिगाहर्ट्झला येते. जीएमआरटीचे रिसीव्हर १.४५ गिगाहर्ट्झपाशी थांबतात. रिसीव्हर बदलूनही उपयोग नाही, कारण डिशचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा आहे, भोकं १० ते २० मिलिमीटरची. २–१ रेषेची तरंगलांबी ३.२ मिलिमीटर, ती जाळीतून आरपार जाईल. मीटर तरंगलांबीसाठी जाळी म्हणजे स्वस्त आणि वाऱ्याला वाट देणारा उत्तम उपाय आहे. मिलिमीटर खगोलशास्त्राला मात्र भरीव, काही दहा मायक्रॉनपर्यंत गुळगुळीत डिश आणि उंच कोरडी जागा लागते. पुण्यात बसून करायचं तर अर्काइव्ह हाच राजमार्ग. आल्माचा डेटा साधारणपणे १२ महिन्यांनी सगळ्यांना खुला होतो.

---

गणिती_गवळी:

तिसरा प्रश्न. इथे बातमी चांगली आहे. तापमानाची धास्ती पीओ/पीएन गुणोत्तरासाठी घेऊच नका, ती ठेवा वेगळ्या जागी.

पातळ रेषेसाठी वरच्या पातळीतली कॉलम डेन्सिटी (नजरेच्या दिशेने एका चौरस सेंटिमीटरमागे रेणू किती):

एन(वर) = १९४० × ν² / ए × (रेषेखालचं क्षेत्रफळ)

ν गिगाहर्ट्झमध्ये, ए आइन्स्टाइन गुणांक प्रति सेकंद, क्षेत्रफळ केल्विन·किमी/से मध्ये, उत्तर प्रति चौरस सेंटिमीटर. मग एकूण = एन(वर) × क्यू/जी × e^(ऊर्जा/तापमान). क्यू म्हणजे पार्टिशन फंक्शन (सगळ्या पातळ्यांची वजनी बेरीज), जी म्हणजे वरच्या पातळीचं वजन.

पीएन २–१: ए = २.९ × १०^-५, वरची ऊर्जा ६.८ केल्विन, जी = ५. क्यू सोपं आहे, तापमान भागिले १.१२८, अधिक १/३.

पीओ १०८.९९८ (एफ = ३–२): ए = २.१ × १०^-५, ऊर्जा ८.४ केल्विन, जी = ७. इथे क्यूमध्ये लॅम्डा-डब्लिंगचे २ आणि न्यूक्लिअर स्पिनचे २ धरावे लागतात. २० केल्विनला ते सुमारे ८० निघतं. दुसरी स्पिन-ऑर्बिट शिडी ३२० केल्विन वर आहे, ती विसरा.

१ केल्विन·किमी/से क्षेत्रफळामागे एकूण कॉलम डेन्सिटी:

१० केल्विन: पीएन २.१ × १०^१२, पीओ १.५ × १०^१३, गुणोत्तर ७.०
२० केल्विन: पीएन ३.० × १०^१२, पीओ १.९ × १०^१३, गुणोत्तर ६.३
५० केल्विन: पीएन ६.० × १०^१२, पीओ ३.५ × १०^१३, गुणोत्तर ५.९

बघा, तापमान पाचपट केलं तर पीएनचा आकडा जवळजवळ तिप्पट झाला, पण पीओ/पीएन जेमतेम १६ टक्क्यांनी हललं. कारण उघड आहे: दोन्ही रेषांच्या वरच्या पातळ्या जवळजवळ सारख्या उंचीवर आहेत आणि दोन्ही रेणू जवळजवळ सारखेच जड. म्हणून क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढा आणि त्याला ६.३ ने गुणा. पीओची ठळक रेषा पीएनच्या चौथाई असेल तर पीओ/पीएन सुमारे १.६.

यातून उलट अंदाजही बांधता येतो. पीएन २० मिलिकेल्विन दिसलं आणि तितक्याच गोंगाटात पीओ नाही दिसलं, तर 'पीओ नाही' असं लिहू नका. दीडपट पीओ असलं तरी ते ५ मिलिकेल्विनच दिसणार. जुन्या निकालांत पीएन १९८७ मध्ये सापडलं आणि तारकानिर्मितीच्या प्रदेशांत पीओ थेट २०१६ मध्ये (डब्ल्यू५१ आणि डब्ल्यू३(ओएच), आयआरएएमची ३० मीटर दुर्बीण), त्यामागे हीसुद्धा एक बाब आहे. पीओ कमी नव्हतं. त्याची ताकद अनेक उपपातळ्यांत वाटली गेल्यामुळे एकेक रेषा फिकी पडते.

आता सापळे:

क्यू आणि जी एकाच कॅटलॉगमधून घ्या. काही नोंदींत नायट्रोजनच्या स्पिनचा ३ हा गुणक दोन्हीकडे असतो, काहींत दोन्हीकडे नसतो. क्यू सीडीएमएसमधून आणि जी जेपीएलमधून उचललं की उत्तर तिप्पट किंवा तिहाई येऊ शकतं, आणि दिसायला अगदी सुसंगत दिसतं.

वरच्या सूत्रात पार्श्वभूमीचे २.७३ केल्विन धरलेले नाहीत. उत्तेजन तापमान १० केल्विन असेल तर पीएनचा आकडा १.१६ ने वाढवा. ५ केल्विन असेल तर १.५३ ने. ५ ही अतिशयोक्ती नाही. पीएन २–१ ची क्रिटिकल डेन्सिटी (टकरींनी रेणू वायूच्या तापमानाला येण्यासाठी लागणारी घनता) घनसेंटिमीटरला १०^५ ते १०^६ च्या घरात आहे, त्यामुळे शॉकमधल्या वायूत रेणू वायूच्या तापमानाला पोहोचलेलेच नसतात. वायू ६० केल्विनचा म्हणून सूत्रात ६० घालणं ही सर्रास होणारी चूक. दोन पीएन रेषा मिळाल्या (३–२ रेषा १४०.९६७७ ला आहे) तर रॅडेक्स (टकरी धरून पातळ्यांचं गणित करणारा प्रोग्राम) चालवा. पीएन–हेलियमचे टक्कर-दर उपलब्ध आहेत. ते हायड्रोजनसाठी वापरताना १.३८ ने गुणा, हे टक्कर-जोड्यांच्या रिड्यूस्ड मासच्या गुणोत्तराचं वर्गमूळ आहे.

आणि एकल डिशच्या दोन रेषा तुलनेला घेत असाल तर बीम. ३० मीटरवर ९४ गिगाहर्ट्झला २६ आर्कसेकंद, १४१ ला १७.५. ठिपका बीमहून लहान असेल तर नुसत्या बीममुळेच तीव्रतेत २.२५ पट फरक येतो. तो न काढता रोटेशन डायग्राम (अनेक रेषांवरून तापमान काढायचा आलेख) काढला की तापमान उगाच चढतं.

---

उलटतपासणी:

गणिती_गवळी यांच्या गुणोत्तराशी सहमत. पण या विषयावरच्या लेखांत पुढचं वाक्य लगेच येतं की 'फॉस्फरसचा ९९ टक्के भाग धुळीत आहे'. ते इतकं सरळ नाही.

एल११५७-बी१ घ्या. लेफ्लॉक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तिथे पीओ २.५ अब्जांश आणि पीएन ०.९ अब्जांश दिलं. बेरीज ३.४ अब्जांश. सौर प्रमाण सुमारे २६० अब्जांश. भागाकार केला की सुमारे १.३ टक्के येतो. ठीक. पण हा भागाकार 'वायूतला सगळा फॉस्फरस पीएन आणि पीओमध्येच आहे' असं गृहीत धरतो. मोकळा पी अणू किती आहे हे मिलिमीटर दुर्बिणीला दिसतच नाही. त्याची मूळ पातळी एकेरी आहे, तिला फाइन स्ट्रक्चर नाही, म्हणून कार्बन किंवा ऑक्सिजन अणूंसारखी दूर-अवरक्त रेषा त्याला नाही. खडू_फळा म्हणतात त्याच साखळीत पी हा पहिला दुवा आहे. तो किती शिल्लक राहतो ते प्रत्येक मॉडेल आपापल्या प्रतिक्रिया-दरांप्रमाणे सांगतं.

पी+ ला रेषा आहेत. १.१८८ मायक्रॉनवरची तर वेगवान शॉकमध्ये लोखंडाच्या १.२५७ मायक्रॉनच्या रेषेशी तुलना करायला वापरतात. दोघांना लागणारी परिस्थिती जवळपास सारखी, पण लोखंड धुळीत अडकतं आणि फॉस्फरस त्यामानाने मोकळा. लोखंड/फॉस्फरस रेषांचं प्रमाण २ च्या आसपास असेल तर धूळ शाबूत, २० च्या वर गेलं की धूळ फुटली. पण असे शॉक रेणू उरू देत नाहीत, त्यामुळे हा वायू आणि पीएनचा वायू एक नव्हे.

भाजकाबद्दलही बोलायला हवं. हायड्रोजनची कॉलम डेन्सिटी कुठून आणता? शॉकच्या ठिपक्यावर धुळीचा कंटिन्युअम जेमतेम असतो. कार्बन मोनॉक्साइडवरून काढली तर १०^-४ हे प्रमाण गृहीत आलं, आणि त्याची रेषा समोरच्या-मागच्या सगळ्या मेघाची बेरीज देते, फक्त शॉकची नाही. शिवाय इंटरफेरोमीटर मोठे आकार गाळतो. सर्वांत जवळच्या दोन अँटेना १५ मीटरवर असतील तर ९४ गिगाहर्ट्झला २६ आर्कसेकंदांहून मोठी रचना निसटते. पीएनचे ठिपके त्यात बसतात, कार्बन मोनॉक्साइडचा मेघ बसत नाही. म्हणजे अंश पूर्ण, छेद अर्धवट.

एएफजीएल ५१४२ साठी निरपेक्ष विपुलता न देता पीओ/पीएन आणि पीएन/मेथॅनॉल द्या. मेथॅनॉलची ९६.७४ गिगाहर्ट्झची चौकडी त्याच सेटिंगमध्ये येते.

---

खडू_फळा:

हे मान्य, एक भर घालून. धुळीतला साठा तपासायला आपल्याकडे एक वस्तू प्रत्यक्ष हाताशी आली: ६७पी धूमकेतू. रोझेटा यानावरच्या रोझिना उपकरणाने त्याच्या वायूत ३१ वस्तुमानाचा फॉस्फरस मोजला (२०१६), आणि २०२० च्या विश्लेषणात त्याचा मुख्य वाहक पीओ निघाला, पीएनच्या किमान १० पट. फॉस्फीन मुख्य नाही. मेघातल्या ठिपक्यांत पीओ/पीएन एक ते तीनच्या आसपास आणि धूमकेतूत १० च्या वर, ही तफावत अजून समाधानकारक सुटलेली नाही. शॉकमध्ये तयार झालेलं पीओ परत बर्फात गोठून धूमकेतूपर्यंत पोहोचलं असं म्हणता येतं. पण मग पीएन का मागे राहिलं हे सांगावं लागतं, कारण पीएन एकदा बनलं की ते सहजी मोडत नाही.

आकाशगंगेच्या केंद्राजवळचा जी+०.६९३ मेघ याच चर्चेत बघा. तिथे वैश्विक किरण जास्त, आणि २०२२ मध्ये पीओ+ सापडला, पीओच्या सुमारे ०.१२ पट. पीओची आयनीकरण ऊर्जा पीएनपेक्षा बरीच कमी आहे, म्हणून कडक किरणांत पीओला गळती लागते. नुसतं पीओ/पीएन बघून रसायन ठरवणाऱ्यांनी ही गळती धरायला हवी.

---

चकोर_२१:

सगळ्यांचे आभार. वजाबाकी न केलेला क्यूब पाहिला. गाभ्यात खड्डा होताच, पण तो काढूनही पीएन तिथे नाही. पीओच्या दिसणाऱ्या दोन रेषा १०८.९९८ आणि १०९.२०६ याच. चार रचतो.

पुढचा प्रश्न: उत्तरेकडच्या दुसऱ्या एका प्रदेशासाठी ३० मीटरच्या दुर्बिणीवर हाच जोड मागायचा आहे. पीएन आणि पीओ एकाच ट्यूनिंगमध्ये बसतील का, आणि किती तास मागावेत?

---

रेषावाचक:

बसतात, दोघांत १५.३ गिगाहर्ट्झचं अंतर आहे: पीएन खालच्या साइडबँडमध्ये, पीओ वरच्या (रिसीव्हरच्या संदर्भ फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे एलओच्या, दोन बाजूंचे पट्टे). आल्माच्या बँड ३ मध्येही बसतात, पण तिथे दोन साइडबँडच्या टोकांमधलं अंतर जेमतेम १६, त्यामुळे एलओ १०१.६ च्या आगेमागे ठेवावा लागतो.

एलओ निवडताना एक पक्कं लक्षात ठेवा. एका साइडबँडमधली ठळक रेषा थोडीशी दुसऱ्यात झिरपते. एलओ १०१.६१६ गिगाहर्ट्झ ठेवलात तर १०९.२५२ च्या सल्फर मोनॉक्साइडचं भूत बरोब्बर पीएन २–१ वर येऊन बसेल. शॉकमध्ये ती रेषा काही केल्विनची असू शकते, आणि तिचा एक टक्कासुद्धा तुमच्या २० मिलिकेल्विनच्या पीएनवर मात करेल. १०१.५७७ वर एचसी३एन तोच उद्योग करतो. निम्मा वेळ एका एलओवर आणि निम्मा ५० मेगाहर्ट्झ सरकवून घ्या: खरी रेषा जागची हलत नाही, भूत १०० मेगाहर्ट्झ पळतं. भूत नवीन जागी कुणाच्या डोक्यावर पडतंय तेही आधी कागदावर काढा.

तास: सिस्टिम तापमान १०० केल्विन, पोझिशन स्विचिंग (स्रोत आणि रिकामं आकाश आळीपाळीने), दोन्ही ध्रुवण. पीएनसाठी १ किमी/से चॅनलला ३ मिलिकेल्विन गोंगाट हवा असेल तर सुमारे २ तास. पीओसाठी ५ मिलिकेल्विनची रेषा ५ सिग्माला हवी, म्हणजे १ मिलिकेल्विन, तर २ किमी/से चॅनल धरून साडेसात तास. चारही रेषा रचायच्या ठरवल्या तर वेळ १.६८ च्या वर्गाने उतरतो, पावणेतीन तास. प्रस्तावात पावणेतीनवर थांबू नका. एखादी रेषा भेसळीची निघाली की रचना दोन-तीन रेषांवर येते. पाच मागा, वर कॅलिब्रेशन आणि पॉइंटिंगचा वेळ वेगळा. आणि हे सगळे आकडे टी-ए-स्टार मध्ये (वातावरणाची दुरुस्ती केलेल्या अँटेना तापमानात) आहेत. मेन बीम तापमानात नेताना ९४ ला सुमारे १.१७ ने गुणायचं विसरू नका, नाहीतर आल्माच्या आकड्यांशी जुळणार नाहीत.

---

गणिती_गवळी:

त्या गुणण्यासोबत आल्माच्या बाजूचंही रूपांतर लिहून ठेवा: तापमान = १२.२२ लाख × (जान्स्की प्रति बीम) ÷ (ν² × बीमचे दोन्ही व्यास आर्कसेकंदांत). २ × २ आर्कसेकंदांच्या बीमला ९४ गिगाहर्ट्झवर १ मिलिजान्स्की म्हणजे ३५ मिलिकेल्विन.

पीएन जाड (ऑप्टिकली थिक) आहे का ते फॉस्फरसच्या आयसोटोपवरून तपासता येत नाही, त्याचा स्थिर आयसोटोप एकच, ३१. पीओसाठी मात्र १४:९ हाच तपास. प्रमाण १ कडे सरकलं तर रेषा जाड होतेय. पण त्याआधी १०९.२८१ खालचा सल्फर मोनॉक्साइडचा पंख बघा, बहुतेक वेळा गुन्हेगार तोच असतो.